पेटी १, पेटी २, पेटी ३ आणि पुढे?

पत्राचा सारांश: देवगड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४७. घरची हापूसची बाग. वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) येईपर्यंत वाट बघण्यापेक्षा गेली चौदा वर्षं त्या मुंबई-पुण्याच्या घरगुती ग्राहकांना थेट पेट्या पाठवतात. हिशेब एक्सेलमध्ये, तेही स्वतःच शिकलेलं. ग्राहक आता साडेतीनशेच्या घरात आहेत. गेल्या हंगामात एका घरी एकच पेटी दोनदा गेली, आणि एका घरी बाकी मागायला फोन केला तर त्यांनी ती केव्हाच भरलेली निघाली. पुण्याला आयटीत असलेला पुतण्या म्हणाला, "काकू, एक्सेल म्हणजे बालवाडी. डेटाबेस शिका." त्यांनी लॅपटॉपवर अ‍ॅक्सेस हे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर उघडलं, तीन संध्याकाळी घालवल्या, 'प्रायमरी की' आणि 'रिलेशनशिप'पाशी अडकल्या आणि बंद केलं. जवळच्या शहरातला एक मुलगा चाळीस हजारांत सॉफ्टवेअर करून देतो म्हणतो. त्या विचारतात, या वयात नव्याने शिकायचं की पैसे देऊन मोकळं व्हायचं? आणि चौदा वर्षांचं एक्सेल वाया गेलं का? सोबत फाईलचा फोटो आहे. फाईलचं नाव 'आंबा फायनल २ नवीन'.

ताई,

फाईलच्या नावावर मी हसणार नाही. माझ्याकडे 'पावत्या फायनल खरी' नावाची फाईल आहे, आणि ती खरी नाही.

आधी बालवाडीचं बघू. पुतण्याच्या डोक्यात असं आहे की मूल पाटीवरून वहीवर जातं तसा माणूस एक्सेलवरून डेटाबेसवर जातो. जन्मतारखा पाहिल्या तर उलटंच दिसतं. माहिती तक्त्यांत मांडायची आणि ते तक्ते एकमेकांशी जोडायचे, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. घरगुती कॉम्प्युटरवरचं पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट, व्हिसिकॅल्क, आलं १९७९ मध्ये. म्हणजे एक्सेलचं घराणं नऊ वर्षांनी धाकटं. दोघांची कामंही वेगळी. दर पन्नासने उतरवला तर हातात काय राहील, हे एक्सेल क्षणात सांगतं. त्या कामाला डेटाबेस अगदी बोजड. डेटाबेसचं काम म्हणजे लक्षात ठेवणं: कोणाला, कधी, काय, किती. तुम्ही दोन्ही ओझी एकाच फाईलच्या डोक्यावर दिलीत.

ती फाईल भरून गेली आहे, असाही तुमचा समज दिसतो. तसं नाही. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. तुमच्या हंगामाच्या हजारभर पेट्या धरल्या, तर हे एक पान हजार हंगाम पुरेल.

मग पेटी दोनदा कशी गेली? फोटोतच दिसतंय. तुमचे रकाने असे आहेत: नाव, मोबाईल, पत्ता, पेटी १ तारीख, पेटी १ दर, पेटी २ तारीख, पेटी २ दर, असं करत पेटी ५ पर्यंत. सहावी पेटी मागणारं घर निघालं तेव्हा रकाने संपले, म्हणून खाली नवी ओळ घालून नाव पुन्हा लिहिलं. वर आहे 'जोशी काकू कोथरूड', खाली 'सौ. जोशी, पुणे'. मोबाईल दोन्हीकडे एकच. तिथे एका घराची दोन घरं झाली. पेटी दोघांना गेली, पैसे वरच्या ओळीत जमा झाले आणि बाकी खालच्या ओळीत दिसत राहिली. ही चूक तुमची नाही, मांडणीची आहे. मथळ्यांना १, २, ३ असे आकडे लागायला लागले की समजावं, जे आडवं लिहितोय ते उभं लिहायला हवं.

आता 'रिलेशनशिप'. व्हिडिओवाले शाळा-विद्यार्थी-शिक्षक असं उदाहरण घेतात आणि आपण जांभई देतो. तुम्ही सातबाऱ्यांची पिशवी काढा. सातबारा असतो जमिनीच्या तुकड्याचा, आठ-अ असतो खातेदाराचा. आपल्याकडे एका सर्व्हे नंबरावर चुलत, चुलत-चुलत मिळून वीस नावं असतात, आणि त्यातलं एखादं नाव आणखी सहा सातबाऱ्यांवर सापडतं. एका जमिनीला अनेक माणसं, एका माणसाला अनेक जमिनी. 'मेनी टू मेनी' म्हणतात ते हेच.

जरा इथेच थांबा. समजा तुमच्या चुलत सासऱ्यांचा एका जमिनीत चार आणे हिस्सा आहे. हे चार आणे लिहायचे कुठे? माणसाच्या माहितीत लिहिले, तर शेजारच्या जमिनीत त्यांचा हिस्सा दोन आणे आहे, तो कुठे घालणार? जमिनीच्या माहितीत लिहिले, तर त्याच जमिनीत दुसऱ्याचे आठ आणे आहेत. हिस्सा ना माणसाचा, ना जमिनीचा. तो त्या दोघांच्या जोडीचा. म्हणून जोडीला स्वतःचा तिसरा तक्ता लागतो आणि हिस्सा तिथे बसतो. हे एकदा नीट उमगलं की डेटाबेसमधला अवघड भाग झाला असं समजा. उरलेलं बरंचसं कुठलं बटण कुठे आहे एवढंच असतं.

आणि सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो फेरफाराचा नंबर असतो तो आठवा. आजोबा कधी वारले, वारस कोण लागले, ही सगळी कहाणी सातबाऱ्यावर लिहीत नाहीत. नुसता नंबर लिहितात. कहाणी फेरफाराच्या नोंदवहीत, त्या नंबराखाली, एकदाच. नोंदवहीतला तो नंबर म्हणजे 'प्रायमरी की', आणि सातबाऱ्यावर उतरवलेला तोच नंबर म्हणजे 'फॉरिन की'. शब्द नवे आहेत, पण ही पद्धत तुमच्या पिशवीत कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे.

तुमच्या कामाला सुरुवातीला तीन तक्ते पुरे. 'ग्राहक' मध्ये क्रमांक, नाव, मोबाईल, पत्ता. 'पाठवणी' मध्ये तारीख, ग्राहकाचा क्रमांक, किती डझनी, पेट्या किती, दर. 'जमा' मध्ये तारीख, ग्राहकाचा क्रमांक, रक्कम, रोख की यूपीआय. जोशी काकूंनी सहा वेळा पेट्या घेतल्या तर 'पाठवणी' मध्ये सहा ओळी. साठ वेळा घेतल्या तरी रकाना वाढत नाही. काकूंचं नाव मात्र साऱ्या फाईलभर एकाच जागी.

क्रमांकाबद्दल एक हट्ट धरतो. मोबाईल नंबरालाच क्रमांक करण्याचा मोह होईल, पण नवरा-बायको एकच नंबर देतात आणि लोक नंबर बदलतात. 'पुणे-०१' असा अर्थ भरलेला क्रमांकही नको. जोशी काकू मुलाकडे ठाण्याला राहायला गेल्या की तो खोटा पडतो. १, २, ३ असा निरर्थक आकडा बरा. अ‍ॅक्सेसमध्ये 'ऑटोनंबर' निवडलंत की तो आपणच पडत जातो.

दराचा सापळा चार आण्यांच्या गोष्टीतलाच आहे. नव्याने शिकणारे उत्साहाने 'पाच डझनी पेटी' असा प्रकारांचा तक्ता करतात, दर त्यात लिहितात आणि प्रत्येक बिल तिथून दर उचलतं. मार्चमध्ये छान चालतं. मे उजाडला, बाजार उतरला, तुम्ही तक्त्यातला दर बदलला, की मार्चची जुनी बिलंही उतरतात. चढ्या दराने पैसे भरलेल्या माणसाचं एकाएकी तुमच्याकडेच येणं निघतं. दर हा पेटीचा नाही, त्या दिवशीच्या व्यवहाराचा. तो 'पाठवणी' मध्येच लिहायचा, दरवेळी.

एक्सेलची सवय आड कुठे येते ते आता सांगतो, कारण तुम्ही तीन संध्याकाळी अडकलात त्या बहुतेक इथेच. एक्सेलमध्ये तुम्ही 'वरच्या ओळीतली बाकी अधिक आजची पेटी वजा आजचे पैसे' असं सूत्र ओढत खाली नेता. डेटाबेसला 'वरची ओळ' नसतेच. ओळी पोत्यातल्या काजूबियांसारख्या असतात. मागाल त्या क्रमाने काढून मिळतील, पण पोत्यात पहिली-दुसरी असं काही नाही. म्हणून बाकी साठवायची नसते. लागेल तेव्हा विचारायची, आणि त्या विचारण्याला 'क्वेरी' म्हणतात. तुमचं फिल्टर म्हणजे तिथलं 'व्हेअर', पिव्होट टेबल म्हणजे 'ग्रुप बाय', आणि व्हीलुकअप लावून दुसऱ्या पानावरचं नाव आणता ते म्हणजे साधारण 'जॉइन'. चौदा वर्षं वाया गेली नाहीत, एवढ्यावरून कळेल.

ओळीवरून माझी गोष्ट. फार वर्षांपूर्वी मी एका छोट्या पतसंस्थेत हिशेब बघायचो. कर्जदारांची यादी एक्सेलमध्ये होती, आणि नावं नि रकमा यांच्यामध्ये शोभेसाठी एक रिकामा रकाना सोडलेला. मी नावं अकारविल्हे लावली. मध्ये रिकामा रकाना असल्याने एक्सेलने 'बाजूचे रकानेही हलवू का' असं विचारलंसुद्धा नाही. नावं हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या, आणि मी सेव्ह करून जेवायला गेलो. दुपारी एका गरीब मासेविक्या बाईच्या नावावर ट्रॉलरचं कर्ज. साहेब एवढंच म्हणाले, "मेल्या, ह्यां काय करून ठेवलंस?" दोन दिवस पावत्यांवरून यादी पुन्हा लिहिली. डेटाबेसमध्ये ओळ अशी कमरेत मोडत नाही. नाव हललं की त्याची रक्कमही सोबत हलते.

पण तिथे दुसरी भीती आहे. एक्सेलमध्ये चुकलं तर सेव्ह न करता बंद करता येतं. अ‍ॅक्सेसमध्ये एका ओळीवरून दुसरीवर गेलात की पहिली सेव्ह झालेली असते, आणि 'डिलीट क्वेरी'ला एकदा हो म्हटलंत की परतीची वाट नाही. म्हणून काही मोठं करण्याआधी फाईलची नक्कल, नावात तारीख घालून. एक नक्कल पेनड्राइव्हवर, घराबाहेर कोणाकडे तरी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा बागांचं आणि विजेचं काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको.

फोटोत आणखी एक दिसलं. पेटीच्या रकान्यात मध्येच '०४-मे' लिहिलंय. तुम्ही '४-५' डझनी असं टाकलं असणार आणि एक्सेलने त्याची तारीख केली. मनाला लावून घेऊ नका. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांच्या तक्त्यांत 'मार्च१', 'सेप्ट१' अशा नावांच्या जनुकांच्या तारखा होऊन बसत. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. डेटाबेसमध्ये रकाना करतानाच सांगावं लागतं, इथे तारीख, इथे आकडा, इथे मजकूर. ती कटकट वाटते, पण त्याच कटकटीमुळे पुढे '४-५' ची तारीख होत नाही. मोबाईल नंबर मजकूर म्हणूनच ठेवा; त्यांची बेरीज आपल्याला कधीच करायची नाही, आणि कोणी आधी शून्य लावलं तर ते गळून जाऊ नये.

बाकी काढताना जो खड्डा लागतो तो आधीच दाखवून ठेवतो, कारण त्यात जाणकारही पडतात. समजा काकूंना तीन पेट्या गेल्या, प्रत्येकी ३,००० रुपये. एकूण ९,०००. त्यांनी दोनदा पैसे दिले, ४,००० आणि २,०००. एकूण ६,०००. बाकी ३,०००, हे तुम्ही तोंडी सांगाल. आता उत्साहाने ग्राहक, पाठवणी आणि जमा हे तिन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडलेत, तर डेटाबेस प्रत्येक पेटीची प्रत्येक जमेशी जोडी लावतो. तीन गुणिले दोन, सहा ओळी. पेट्यांची बेरीज दुप्पट होऊन १८,०००, जमेची तिप्पट होऊन तीही १८,०००. बाकी शून्य! कुठेही लाल खूण नाही, चुकीचा संदेश नाही. उपाय सोपा आहे: आधी ग्राहकवार पाठवणीची बेरीज करणारी एक क्वेरी, ग्राहकवार जमेची दुसरी, आणि मग त्या दोन बेरजा जोडणारी तिसरी. तिसरीत ज्यांनी अजून काहीच भरलं नाही ते गळू देऊ नका. त्यासाठी 'लेफ्ट जॉइन' लागतो आणि रिकाम्या जागी शून्य धरावं लागतं. बाकीच्या यादीत नेमकी न भरणारी माणसंच नसली तर यादीचा उपयोग काय?

आता शिकावं की पैसे द्यावेत. माझ्या मते हा प्रश्न दोन महिने लवकर आलाय. आधी एक्सेलमध्येच राहून त्या एका पानाची वर सांगितलेली तीन पानं करा. ग्राहकाला क्रमांक द्या, पाठवणीत आणि जमेत फक्त क्रमांक लिहा, नाव लुकअपने येऊ दे, बेरजा समइफने (त्या क्रमांकाच्या ओळींचीच बेरीज करणारं सूत्र). क्रमांकाच्या रकान्याला 'डेटा व्हॅलिडेशन' लावा, म्हणजे यादीत नसलेला क्रमांक टाइप करून घेतला जाणार नाही. तुम्ही एकट्याच लिहिणार असाल तर कदाचित एवढ्यावरच भागेल, आणि भागलं तर पुतण्याला काय वाटेल याचा विचार करू नका. घरात दुसरं कोणी एकाच वेळी नोंदी करणार असेल, किंवा पाच-सात हंगामांचा इतिहास एकत्र विचारायचा असेल ("गेल्या वर्षी घेतलं, यंदा नाही, अशी घरं कोणती?"), तर मात्र डेटाबेसकडे जा. तीन पानं नीट असतील तर ती जशीच्या तशी आत घेता येतात.

कोणता घ्यायचा? अ‍ॅक्सेस तुमच्याकडे आहेच, विंडोजवर चालतं, भरायचे फॉर्म आणि पेटीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्यात बऱ्या होतात. तेच ठेवा. ज्या वाचकांकडे ते नाही त्यांनी एसक्यूलाइट घ्यावं, सोबत ते उघडून बघायला-भरायला 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'. दोन्ही फुकट, आणि सगळा डेटाबेस एका फाईलीत. अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइट असतंच, म्हणजे ते पोरखेळाचं नाही. फॉर्म मात्र त्यात होत नाहीत. लिब्रेऑफिसचं 'बेस' फुकट आहे, शिकायला ठीक, रोजच्या कामाला माझ्याकडे ते कुरकुरलं. कुठलंही घ्या, गूगल ड्राइव्हवर ठेवलेली एकच फाईल दोघांनी दोन ठिकाणी उघडून लिहू नका. फाईल खराब व्हायला तेवढं पुरतं.

त्या चाळीस हजारवाल्या मुलाला मी नाही म्हणत नाही. पण आज गेलात तर तो तुमची 'पेटी १ ते पेटी ५' चीच मांडणी रंगीत बटणांनी सजवून देईल, कारण तुम्ही तेवढंच दाखवाल. तीन तक्ते कागदावर काढून मग जा. त्याला दोन गोष्टी आधी विचारा: सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढायचं बटण असेल का, आणि पासवर्ड कोणाकडे राहणार? या दोन्हींवर तो घुटमळला, तर चहा पिऊन या.

वयाचं तुम्ही दोनदा लिहिलंय म्हणून एकदाच उत्तर देतो. एक्सेल तुम्ही तिशी ओलांडल्यावर, कुणी न शिकवता, ऐन हंगामात शिकलात. आता तर मृग लागलाय आणि पेट्यांची घाई संपलीय. पहिला आठवडा लॅपटॉप बंदच ठेवा. पाठकोऱ्या कागदावर तीन तक्ते आखा आणि दहाच ग्राहक हाताने भरा, त्यात घोळ झालेली दोन घरं नक्की घ्या. भरताना जिथे 'हे कुठे लिहू' असं होईल, तिथे चार आणे आठवा. मग नावं साफ करण्याचं रटाळ काम आहे, त्याला पर्याय नाही. साडेतीनशे नावं मोबाईल नंबराने लावून घ्या, जुळी नावं शेजारी-शेजारी येतील. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही, कधीकधी कॉम्प्युटरला दिसते, तीही काढा. माहिती आत घेताना अ‍ॅक्सेस कधी न बसलेल्या ओळींचा वेगळा तक्ता करून देतं. तो न वाचता पुसू नका, '०४-मे' वाली काही मंडळी तिथे भेटू शकतात.

क्वेरी लिहायला आजकाल लोक एआयला विचारतात. खुशाल विचारा, फक्त रकान्यांची नावं द्या, ग्राहकांचे पत्ते-नंबर देऊ नका, आणि आलेलं उत्तर एका ग्राहकावर तोंडी हिशेबाने पडताळा. जुनी 'फायनल २ नवीन' पुसायची नाही. पुढचा हंगाम दोन्हीकडे लिहा, कंटाळा आला तरी, आणि दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडची एकूण बाकी जुळते का ते बघा.

गणपतीला पुतण्या येईलच. त्याला जोशी काकूंच्या तीन पेट्या आणि दोन जमा द्या, तिन्ही तक्ते समोर ठेवा आणि बाकी काढायला सांगा. ३,००० आली तर मोदक वाढा. शून्य आली, तर त्याला परत बसवा आणि शेजारी खुर्ची घेऊन तुम्हीही बसा.